स्टॅफर्ड क्रिप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या पाठ्यपुस्तकात ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स भेटतात ते जेमतेम तीन आठवड्यांपुरते. १९४२ च्या मार्चमध्ये भारताच्या स्वराज्याचा मसुदा घेऊन दिल्लीत येतात, एप्रिलमध्ये परत जातात आणि पुढच्या परिच्छेदात ‘चले जाव’ सुरू होतं. ब्रिटनमध्ये मात्र हे नाव जोडलं गेलंय ते रेशनच्या कुपनांशी, गोठवलेल्या पगारांशी आणि एका रविवारी रात्री घसरलेल्या पौंडाशी. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवताना दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. काही प्रश्न परीक्षेचे आहेत, काही निव्वळ कुतूहलाचे. मला स्वतःला दुसरे जास्त आवडतात.

क्रिप्स मिशनमध्ये किती सदस्य होते?

एकच. क्रिप्स स्वतः. त्यांच्याबरोबर सहायक होते, पण आयोग किंवा शिष्टमंडळ असं काही नव्हतं. तीन मंत्री आले ते १९४६ मध्ये, ‘कॅबिनेट मिशन’ म्हणून: भारतमंत्री पेथिक-लॉरेन्स, व्यापारमंत्री क्रिप्स आणि नौदलमंत्री ए. व्ही. अलेक्झांडर. क्रिप्स दोन्हीकडे असल्यामुळे मुलं हमखास गोंधळतात आणि प्रश्न काढणाऱ्यांनाही हे चांगलं ठाऊक असतं.

एवढ्या बड्या घरातला माणूस समाजवादी कसा झाला?

घर बडं होतं, पण चाकोरीतलं नव्हतं. जन्म २४ एप्रिल १८८९, लंडन. वडील चार्ल्स आल्फ्रेड क्रिप्स हुजूर पक्षाचे खासदार. १९१४ मध्ये ते लॉर्ड पार्मूर झाले आणि उतारवयात चक्क मजूर पक्षाच्या दोन्ही सरकारांत मंत्री म्हणून बसले. आई स्टॅफर्ड चार वर्षांचे असताना गेली. तिची सख्खी बहीण म्हणजे बिअॅट्रिस वेब, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभारणाऱ्यांपैकी एक. म्हणजे समाजवाद मावशीच्या घरी होताच, भाच्याला तो उशिरा लागला. मजूर पक्षात ते आले १९२९ च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर.

त्याआधी ते शिकले रसायनशास्त्र, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये, नोबेल विजेते विल्यम रॅम्से तिथे असताना. झेनॉन वायूवरच्या एका शोधनिबंधात त्यांचं नाव आहे. मग वकिली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रेड क्रॉसची गाडी चालवली आणि नंतर क्वीन्सफेरीच्या दारूगोळा कारखान्याच्या व्यवस्थापनात काम केलं. तिथे तब्येत ढासळली ती कायमची. पोटाच्या दुखण्याने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.

इनोशी त्यांचा संबंध होता हे खरं का?

खरं आहे. जेवण अंगावर आलं की आपण पाण्यात टाकून फसफसतं पितो तोच इनो. त्याचे जनक जेम्स क्रॉस्ली इनो. त्यांची नात इझोबेल स्विदिनबँक १९११ मध्ये स्टॅफर्ड क्रिप्सची पत्नी झाली आणि इनोच्या संपत्तीचा वाटा तिच्याकडे आला. जन्मभर पोटाने गांजलेल्या माणसाची सासुरवाडी इनोवाल्यांची, हा योगायोग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरचेही जागे होतात.

वकील म्हणून ते किती मोठे होते?

फार मोठे. पेटंट आणि नुकसानभरपाईच्या किचकट खटल्यांत त्यांचा हात धरणारे थोडे होते. १९२७ मध्ये ‘किंग्ज काउन्सेल’, म्हणजे मानाचे वरिष्ठ वकील, झाले. रसायनशास्त्राचं शिक्षण आणि आकड्यांची पकड या दोन्हींचा उपयोग झाला.

पण एका खटल्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. २२ सप्टेंबर १९३४ ला उत्तर वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या कोळसा खाणीत पहाटे स्फोट झाला. २६६ माणसं गेली. आग इतकी भयंकर होती की खाण बंद करून टाकावी लागली आणि बहुतेकांचे देह आजही जमिनीखालीच आहेत. चौकशी बसली तेव्हा खाणमजुरांच्या संघटनेची बाजू क्रिप्सनी एक पैसाही न घेता मांडली. वायुवीजन कसं होतं, तपासण्यांच्या नोंदी कशा ठेवल्या जात, हे ते साक्षीदारांकडून तासन् तास बाहेर काढत राहिले. ‘श्रीमंतांचा समाजवाद’ म्हणून त्यांची थट्टा करणारे पुष्कळ होते. ग्रेसफर्डच्या विधवांनी ती केली नसावी.

खासदार नसताना ते मंत्री कसे झाले?

ऑक्टोबर १९३० मध्ये पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्डनी त्यांना सॉलिसिटर जनरल नेमलं. हे सरकारचं कायदेविषयक पद, त्यासोबत ‘सर’ हा किताब येतो. तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. आपल्या राज्यघटनेत अशा मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ब्रिटनमध्ये अशी लिखित अट नाही, संकेत आहे. माणसाला लवकरात लवकर जागा मिळवून द्यायची. जानेवारी १९३१ मध्ये पोटनिवडणुकीत ते ब्रिस्टल ईस्टमधून निवडून आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅक्डोनाल्डनी स्वतःचाच पक्ष मागे टाकून हुजूर आणि उदारमतवाद्यांबरोबर ‘राष्ट्रीय सरकार’ केलं. क्रिप्स तेव्हा जर्मनीत बाडेन-बाडेनला उपचार घेत होते. पद कायम ठेवण्याचं निमंत्रण आलं, ते त्यांनी नाकारलं. पुढच्या निवडणुकीत मजूर पक्षाचे अवघे ५२ खासदार उरले. क्रिप्स ४२९ मतांनी वाचले. मोठे नेते पडल्यामुळे लॅन्सबरी, अॅटली आणि क्रिप्स या तिघांवर सगळी बाजू येऊन पडली. खासदार होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

मग त्याच पक्षाने त्यांना हाकललं का?

ते डावीकडे सरकत गेले, पक्ष मधोमध राहू पाहत होता. ‘सोशालिस्ट लीग’ या पक्षातल्या डाव्या गटाचं नेतृत्व त्यांनी केलं. १९३७ मध्ये ‘ट्रिब्यून’ हे साप्ताहिक सुरू झालं, त्यात पैसा प्रामुख्याने त्यांचा आणि जॉर्ज स्ट्रॉस यांचा होता. फॅसिझम रोखायचा तर कम्युनिस्टांपासून उदारमतवाद्यांपर्यंत सगळ्यांनी एकत्र यावं, असं ते म्हणत राहिले. पक्षाने बजावलं, गप्प बसा. ते बसले नाहीत. जानेवारी १९३९ मध्ये हकालपट्टी झाली. काही आठवड्यांनी डावे खासदार अन्युरिन बेव्हन यांनाही त्याच कारणासाठी बाहेरचा रस्ता दाखवला गेला.

बेव्हन वर्षभरात परतले. क्रिप्स परतले ते थेट १९४५ मध्ये. आणि मधल्या सहा वर्षांतच त्यांची कारकीर्द सर्वांत उंच गेली.

पक्ष नाही, गट नाही, तरी युद्धकाळात इतकं वर कसे पोहोचले?

मे १९४० मध्ये चर्चिलनी त्यांना मॉस्कोला राजदूत म्हणून पाठवायचं ठरवलं. हिशेब असा की डाव्या माणसाशी स्टॅलिन जरा मोकळेपणाने बोलेल. स्टॅलिन बोलला नाही. कम्युनिस्टांना असले सद्‌गृहस्थ समाजवादी फारसे आवडत नसत. पण जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि चित्र पालटलं. १२ जुलैला मॉस्कोत ब्रिटन-रशिया करारावर क्रिप्स आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी सह्या केल्या.

जानेवारी १९४२ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा लोकांच्या नजरेत ‘रशियाला आपल्या बाजूने आणणारा माणूस’ होते. प्रत्यक्षात रशियाला आणलं होतं हिटलरने. पण लोकप्रियता हिशेब तपासून येत नाही. त्यात १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि चर्चिलवर टीकेची झोड उठली. चारच दिवसांनी क्रिप्स युद्ध मंत्रिमंडळात आले: ‘लॉर्ड प्रिव्ही सील’, म्हणजे खातं नसलेलं मानाचं पद, आणि सोबत हाउस ऑफ कॉमन्सचं नेतेपद. त्या काही आठवड्यांत चर्चिलना पर्याय म्हणून त्यांचं नाव उघडपणे घेतलं जात होतं.

भारताकडे तेच का आले?

भारत त्यांना नवा नव्हता. जून १९३८ मध्ये नेहरू त्यांच्या फिल्किन्सच्या घरी शनिवार-रविवार राहिले होते. अॅटली, बेव्हन, हॅरॉल्ड लास्की अशी मंडळीही होती आणि मजूर पक्षाचं सरकार आलं तर भारताकडे सत्ता कशी द्यायची यावर बोलणी झाली होती. १९३९ च्या डिसेंबरात क्रिप्स स्वखुशीने भारतात येऊन गेले, वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. त्यामुळे ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि जपान बंगालच्या उंबऱ्यापाशी आला तेव्हा ते म्हणाले, मी जातो. अमेरिका दबाव आणत होती, मंत्रिमंडळातले मजूर सदस्यही मागे लागले होते. चर्चिलना काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

मसुद्यात काय होतं आणि ते फसलं कशावरून?

युद्धानंतरचं बरंच काही होतं: घटना समिती, वसाहतीचं स्वराज्य, हवं तर राष्ट्रकुलातून बाहेर पडण्याची मुभा. आधीच्या कुठल्याही ब्रिटिश घोषणेपेक्षा हे पुढे होतं, हे मान्य करायला हरकत नाही. पण ज्या प्रांताला संघराज्यात यायचं नसेल त्याला वेगळं राहता येईल, हेही त्यातच होतं. काँग्रेसला यात फाळणीचं बीज दिसलं. मुस्लिम लीगला पाकिस्तानचं नाव स्पष्ट न घेतल्याचं खटकलं. संस्थानांचे प्रतिनिधी प्रजेने नव्हे तर राजांनी नेमायचे होते, तेही काँग्रेसला पटण्यासारखं नव्हतं.

बोलणी अडकली ती मात्र वर्तमानावर. संरक्षण खातं कोणाकडे? काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद आणि नेहरू म्हणत होते, भारतीय मंत्र्याकडे द्या. रूझवेल्टचे प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन तेवढ्यात दिल्लीत पोहोचले होते. त्यांच्या मध्यस्थीने एक तोडगा जवळजवळ जुळला: सेनापती युद्ध चालवेल, भारतीय मंत्री खात्याची उरलेली कामं सांभाळेल. दोन दिवस दिल्लीत वाटत होतं की जमलं. पण व्हाइसरॉय लिनलिथगोंना हा सगळा प्रकार आपल्या पाठीमागे चाललेला वाटला, त्यांनी लंडनला तारा केल्या आणि लंडनहून क्रिप्सचे हात बांधणारी उत्तरं आली. आता व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळ खऱ्या मंत्रिमंडळासारखं चालेल, अशी ग्वाही क्रिप्स देऊ शकेनात. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी स्वतःच तसा शब्द वापरला होता. १० एप्रिलला काँग्रेसचा नकार आला आणि १२ एप्रिलला क्रिप्सचं विमान उडालं.

मला विचाराल तर त्यांचा मोठा दोष फसवणूक हा नव्हता. आपल्याला किती अधिकार आहे याचा अंदाजच त्यांना नव्हता. खटल्यातला वकील जसा तडजोडीची कलमं दुरुस्त करत पुढे जातो तसे ते गेले आणि अशील लंडनमध्ये नाखुशीने बसलंय हे विसरले. वर, परतल्यावर त्यांनी सगळा दोष काँग्रेसच्या माथी मारला, ते नेहरूंना फार लागलं.

‘बुडत्या बँकेवरचा पुढच्या तारखेचा चेक’ हे गांधीजींचंच वाक्य ना?

परीक्षेत गांधीजी लिहा, गुण मिळतील. ‘पुढच्या तारखेचा चेक’ ही उपमा त्यांच्या नावावर आहे. ‘बुडती बँक’ ही शेपटी एखाद्या पत्रकाराने जोडली असं बरेच अभ्यासक मानतात. गांधीजी क्रिप्सना २७ मार्चला भेटले होते. एवढंच द्यायचं असेल तर पुढच्याच विमानाने परत जा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

महाराष्ट्रातले कोण कोण त्यांना भेटले?

बाबासाहेब आंबेडकर मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांच्यासह भेटले. त्यांचं म्हणणं साधं आणि कठोर होतं: या मसुद्यात अस्पृश्यांना काय संरक्षण आहे? घटना समितीत बहुमत ज्यांचं, घटना त्यांची, आणि आम्ही त्यांच्या मर्जीवर. तसं पत्रही त्यांनी क्रिप्सना दिलं. हिंदू महासभेच्या वतीने सावरकर भेटले. प्रांतांना बाहेर पडण्याचा हक्क हाच त्यांचा मुख्य आक्षेप होता. तेजबहादूर सप्रू यांच्याबरोबर बॅ. मुकुंदराव जयकरांनी वेगळं निवेदन दिलं. एका कागदावर आंबेडकर, सावरकर, काँग्रेस आणि लीग या चौघांनीही काट मारावी, प्रत्येकाने वेगळ्या कारणासाठी, असं क्वचितच घडलं असेल. चार महिन्यांनी, ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला.

परत गेल्यावर त्यांचं पद गेलं का?

बढतीच्या शिडीवरून उतरले, एवढं खरं. कॉमन्सचे नेते म्हणून ते जमले नाहीत. सभागृहात हसतखेळत काम काढून घ्यावं लागतं आणि हे खासदारांना मास्तरासारखे झापत. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते विमान उत्पादन मंत्री झाले, युद्ध मंत्रिमंडळाबाहेर. पण कारखाने, आकडे, वेळापत्रकं हा त्यांचा खरा प्रांत होता. युद्ध संपेपर्यंत ते तिथेच राहिले.

रशियाला जेट इंजिनं त्यांनीच विकली का?

१९४५ मध्ये अॅटलींच्या सरकारात ते बोर्ड ऑफ ट्रेडचे अध्यक्ष, म्हणजे व्यापारमंत्री झाले. रोल्स-रॉइसची ‘नेन’ इंजिनं रशियाला विकण्याची परवानगी त्यांच्या काळात गेली. रशियनांनी त्यांची नक्कल केली, ती मिग-१५ ला बसवली आणि काही वर्षांतच ती विमानं कोरियाच्या आकाशात अमेरिकी आणि मित्रदेशांच्या विमानांसमोर उभी ठाकली. त्या वेळी ब्रिटनला निर्यातीची निकड होती, हे खरं. तरी हा निर्णय पुढे त्यांना चिकटून राहिला तो राहिलाच.

१९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत त्यांचा वाटा किती होता?

लेखणी बहुतांश त्यांचीच मानली जाते. १६ मेची योजना: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच केंद्राकडे, प्रांतांचे अ, ब, क असे तीन गट. शब्द इतके तोलूनमापून बसवले होते की काँग्रेसला त्यात अखंड भारत दिसावा आणि लीगला पाकिस्तानची वाट. तिथेच घात झाला. दोघांनी आपापला अर्थ लावून होकार दिला आणि अर्थ उघड झाले तसे होकार गळाले. जुलैत मुंबईतल्या पत्रकार परिषदेत नेहरू म्हणाले की काँग्रेस या योजनेने बांधलेली नाही आणि महिनाअखेरीस मुंबईतच लीगने संमती मागे घेतली. दिल्लीच्या उन्हाळ्यात क्रिप्स आजारी पडले, इझोबेलबाईंना लंडनहून यावं लागलं.

अर्थमंत्री ते अचानक झाले असं म्हणतात. काय घडलं?

सप्टेंबर १९४७ मध्ये क्रिप्स अॅटलींकडे गेले आणि तोंडावर सांगितलं, तुम्ही बाजूला व्हा, परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिनना (हे बेव्हन नव्हेत) पंतप्रधान करा. अॅटलींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्रिप्सनाच नवं आर्थिक व्यवहार खातं देऊ केलं. क्रिप्सनी ते घेतलं. बंड तिथेच निवलं! राजकारणातली सफाई शिकायची तर अॅटलींकडून शिकावी.

मग १२ नोव्हेंबर. अर्थमंत्री ह्यू डाल्टन अर्थसंकल्प मांडायला सभागृहात निघाले होते. वाटेत ओळखीचा पत्रकार भेटला. चालता चालता कराच्या दोन-चार गोष्टी त्यांनी त्याला सांगून टाकल्या, अगदी सहज. त्याने लगेच ‘स्टार’ या सायंदैनिकाला कळवलं आणि डाल्टन भाषणात त्या मुद्द्यापर्यंत पोहोचण्याआधीच अंक छापून रस्त्यावर आला. दुसऱ्या दिवशी डाल्टननी राजीनामा दिला. जागेवर क्रिप्स आले आणि दोन्ही खाती एकाच टेबलावर आली.

‘काटकसरीचा मंत्री’ हे नाव कशामुळे पडलं?

देशाकडे डॉलर नव्हते. आधी निर्यात, मग कारखान्यांत गुंतवणूक आणि उरलं तर घरातल्या माणसाची हौस, असा त्यांचा क्रम. युद्धातही ज्या पावाला रेशन नव्हतं त्याला १९४६ मध्ये लागलं आणि ते १९४८ च्या जुलैपर्यंत चाललं. राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या पोशाखालाही कुपनं लागली, ते लग्न क्रिप्स अर्थमंत्री झाल्यानंतर आठवड्याभरात झालं. त्याआधी व्यापारमंत्री असताना पॅरिसहून लांब घेरदार स्कर्टची फॅशन आली, तेव्हा एवढं कापड जातं म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. बायकांनी त्यांचं ऐकलं नाही. कामगार संघटनांनी मात्र १९४८ मध्ये पगारवाढ आवरती घ्यायला होकार दिला आणि दोनेक वर्षं पाळला. दुसऱ्या कुणाला तो मिळाला असता असं वाटत नाही. माणूस स्वतः शाकाहारी, दारूला न शिवणारा, पहाटे उठून न्याहारीआधी तीन-तीन तास काम उरकणारा. कमी खा म्हणायचा त्याला अधिकार होता.

१९४९ च्या अवमूल्यनाचा रुपयाशी काय संबंध?

थेट संबंध. उन्हाळ्यात क्रिप्स झुरिकच्या दवाखान्यात होते. इकडे ह्यू गेट्सकेल, डग्लस जे आणि हॅरॉल्ड विल्सन या तरुण मंत्र्यांनी ठरवलं की पौंड उतरवावाच लागेल आणि अॅटलींचं पत्र घेऊन विल्सन झुरिकला गेले. क्रिप्सना ते मनापासून पटलेलं नव्हतं, त्यांनी जाहीरपणे अनेकदा नाही म्हटलं होतं. शेवटी रविवारी, १८ सप्टेंबरला, रेडिओवरून त्यांनीच सांगितलं: पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर.

रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे भारतानेही तेवढंच अवमूल्यन केलं. रुपयाला ३० सेंटच्या आसपास मिळत होते, ते २१ झाले. पाकिस्तानने केलं नाही. परिणामी १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले, दोन्ही देशांतला व्यापार ठप्प झाला, कलकत्त्याच्या ताग गिरण्यांचा पूर्व बंगालातला कच्चा माल अडला आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना सिंध-पंजाबचा कापूस महाग झाला. गिरणगावातल्या कामगाराला क्रिप्स हे नाव या कारणासाठी माहीत असायला हवं होतं.

चर्चिल त्यांच्याबद्दल काय म्हणत?

‘हा बघा, देवाची कृपा नसती तर देवच’ अशा अर्थाचा टोमणा त्यांच्या नावावर सांगितला जातो. चर्चिलच्या नावावर खपणाऱ्या विनोदांपैकी निम्मे तरी इतरांचे असतात, तेव्हा जपून. घडलेली गोष्ट मात्र अशी: अवमूल्यनानंतर चर्चिलनी क्रिप्सच्या सचोटीवरच बोट ठेवलं. चर्चिल ब्रिस्टल विद्यापीठाचे कुलपती होते आणि क्रिप्सना तिथली मानद पदवी मिळायची होती. त्या हातून घेणार नाही म्हणत क्रिप्सनी ती नाकारली.

शेवट कसा झाला?

ऑक्टोबर १९५० मध्ये तब्येतीमुळे मंत्रिपद आणि खासदारकी दोन्ही सोडली. अर्थखातं गेट्सकेलकडे गेलं. ब्रिस्टलच्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक झाली आणि पंचवीस वर्षांचा एक तरुण निवडून आला, टोनी बेन. २१ एप्रिल १९५२ ला झुरिकमध्ये क्रिप्स गेले, त्रेसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना.

त्यांचा जावई आफ्रिकन होता का?

हो, पण लग्न त्यांच्या मृत्यूनंतरचं, १९५३ चं. धाकटी मुलगी पेगी हिने गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, जो अपिया या कायद्याच्या विद्यार्थ्याशी लंडनमध्ये लग्न केलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पेगी पुढे घानातच कुमासीला राहिली, मुलांसाठी अशांती लोककथा लिहून काढल्या. तिचा मुलगा क्वामे अँथनी अपिया हा आज नावाजलेला तत्त्वज्ञ आहे.